एच. डी. चॅनेल्स आता तुमच्या दारी

ज्या घरातली मुलगी खो-खो खेळते त्या घरातल्या टीव्हीत चेहरे नीट दिसले पाहिजेत, हे एच. डी. पुराणिक सरांना कळलं तेव्हा दुसऱ्याच्या मुलीसाठी टाळ्या वाजवून त्यांचे तळहात लाल झाले होते.

त्याचं असं झालं. सरांची धाकटी इंद्रायणी महिलांच्या खो-खो लीगमध्ये खेळायला भुवनेश्वरला गेली होती. यशोदाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळे प्रवासाचा प्रश्नच नव्हता. पहिल्या मॅचला दोघं टीव्हीसमोर बसली. निळ्या जर्सीतल्या नऊ मुली, नऊ वेण्या, आणि सगळ्यांचे चेहरे ज्वारीच्या पिठात लोळून आल्यासारखे. "ती बघा, खांबाजवळची!" यशोदाबाई म्हणाल्या. सरांनी चष्मा पुसला आणि दुजोरा दिला. त्या खांबाजवळच्या मुलीनं असा काही खेळ केला की सरांनी उठून शिट्टी वाजवली आणि शेजारी अर्धा किलो पेढे वाटले. जेवणं झाल्यावर इंद्रायणीचा फोन आला. "आई, आज मला उतरवलंच नाही. मी बाकावर होते."

पेढे परत मागता येत नाहीत. सर दोन दिवस गल्लीतून मान खाली घालून फिरले.

पण खरी गोष्ट यशोदाबाईंची होती. इंद्रायणी शाळेपासून खेळते, पण या लीगआधी आईनं तिची एकही मॅच पाहिली नव्हती. "आपली पोर जमिनीवर आपटताना बघायला मी काय दगडाची आहे का?" असं म्हणून मॅचच्या दिवशी त्या सिद्धेश्वराला जाऊन बसायच्या आणि कोपरं सोलून घरी आलेल्या मुलीला हळद लावायच्या. आता स्वतःचा गुडघा फाडून घेतल्यावर त्यांचं मत फिरलं होतं. संघ फायनलला पोचला आणि इंद्रायणी त्यात नक्की खेळणार हे कळलं, तेव्हा त्यांनी खाटेवरून जाहीर केलं, "मला फायनल बघायची आहे. आणि मला तिचं तोंड दिसलं पाहिजे. नुसती पळणारी वेणी नको, तिचंच तोंड."

बायकोनं तीस-पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच काही मागितलं, असं सर पुढे सगळ्यांना सांगत. यशोदाबाईंचं म्हणणं, मागितलं पुष्कळ वेळा, ऐकलं पहिल्यांदा.

इथे सरांच्या नावाचा खुलासा करायला हवा, कारण सगळा घोटाळा तिथेच आहे. आईवडिलांनी हौसेनं हृषीकेश ठेवलं. वडिलांचं नाव दिगंबर. पण शाळेत पोरांच्या तोंडात त्या 'हृ'चं रुशी, रशी, अगदी रस्सीपर्यंत काहीही होऊ लागलं. सोलापुरात तशीही माणसाला आद्याक्षरांवर भागवायची पद्धत आहे. अक्कलकोटच्या बाजूनं कानडी आली, तिच्याबरोबर ही अक्षरंही आली, असा सरांचा सिद्धांत. शाळेत बी. के. सर होते, एस. जी. सर होते, तसे हे गणिताचे एच. डी. सर झाले. खुद्द यशोदाबाईही रागावल्या की "अहो एच. डी." म्हणत. जुळे सोलापूर भागातल्या त्यांच्या घराच्या फाटकावर संगमरवरी पाटी होती: वर 'एच. डी.' आणि खाली 'पुराणिक'. वरच्या ओळीत 'एच. डी.'च्या आधी थोडी जागा रिकामी होती. तिथे 'श्री' लिहायचं होतं, पण पेंटर जेवायला म्हणून गेला तो गेलाच.

तर या पाटीवर एका सकाळी स्टिकर आला. त्या दिवसांत दोन छत्रीवाल्या कंपन्यांची शहरात जुंपली होती. डिशला आपल्याकडे छत्रीच म्हणतात. पावसात तिचा उपयोग शून्य, हा भाग वेगळा. एक 'तारांगण', तिचं जुनं कनेक्शन सरांकडे होतं. दुसरी नवी, 'नभरत्न'. ही म्हणे आमची एचडी चॅनेल्स जास्त, ती म्हणे आमची जास्त स्वच्छ. नभरत्नचा माणूस नवनाथ हा दिसेल त्या खांबावर, पानटपरीवर, उभ्या रिक्षावर स्टिकर मारत सुटला होता. सरांच्या फाटकावर त्यानं तो नेमका 'पुराणिक'वर मारला. त्यामुळे पाटी अशी झाली:

एच. डी.
चॅनेल्स आता तुमच्या दारी

सरांनी नखानं खरवडलं. मग उलथनं आणलं. शेजारचे अनिलकुमार येमूल, ज्यांचा टॉवेलचा कारखाना आहे आणि ज्यांना कुठल्याही विषयावर मत आहे, ते दात घासत बाहेर आले. "काय घासायलाव सर?"

"माझं आडनाव शोधतोय."

"शेंगतेल लावा की. कारखान्यात आमी लेबलं तशीच काढतो."

शेंगतेलानं स्टिकर चकाकायला लागला. रॉकेलनं 'एच. डी.' थोडं पुसट झालं. स्टिकर मात्र कंपनीच्या जाहिरातीत म्हटल्याप्रमाणे टिकाऊ होता.

तेव्हापासून लोक यायला लागले. कुणी रिमोट घेऊन येई, कुणी "आमच्या हिच्या मालिकेचं चॅनेल गेलंय" म्हणून. केराबाई भाजीची पाटी डोक्यावरून उतरवून म्हणाल्या, "मास्तर, या वयात धंदा काढला व्हय? बरं केलं, घरात बसून मानूस कुजतंय." सरांचा अपमान झाला, पण आलेल्या माणसाला दारातून परत पाठवायचं त्यांच्या रक्तात नव्हतं. ते सगळ्यांना आत घेत, चहा देत, आणि आपण दुकानदार नसून आपलं नाव एच. डी. आहे, हे समजावून सांगत. लोक समजून घेत आणि चहा संपला की रिमोट पुढे करत.

मंद्रूपचा सिद्राम आला तो तर सेट-टॉप बॉक्सच घेऊन, सोलापुरी टॉवेलात बाळासारखा गुंडाळून. "सर, हितंच एच. डी. ऱ्हात्यात न्हवं?"

"राहतात. मीच तो."

"मग झालं की! आमच्या आईचं कानडी चॅनेल गेलंया. म्हातारी जेवंना झालीया."

जेवंना झालीया म्हटल्यावर सर विरघळले. बॉक्स तारांगणचा होता. सरांनी आपल्या मोबाइलवरून त्या कंपनीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. नेमका तो पाण्याचा दिवस होता. नळाला पाच दिवसांनी पाणी आलेलं, मोटार घरघरतेय, खाटेवरून यशोदाबाई "टाकी भरली, टाकी भरली" म्हणून ओरडताहेत, आणि फोनमधली मुलगी अत्यंत गोड आवाजात सिद्रामचा ग्राहक क्रमांक लिहून घेतेय.

"सर, आपलं शुभ नाव?"

"एच. डी."

"सर, एचडी हवंय का आपल्याला?"

"हवंय काय? मीच एच. डी.!"

"ओके सर, म्हणजे एचडीच ना?"

"हो हो, एच. डी.च! किती वेळा सांगू?"

"धन्यवाद सर, आपली विनंती पूर्ण झाली आहे."

संध्याकाळी सिद्रामचा फोन. "सर, लईच झालं की! कानडी आलंच, पन सगळंच एचडी आलं. खेळाची चॅनेलं बी आली. बैलाच्या कानातली गोचीड दिसतीया बघा! आई म्हनतीया, त्या देवमानसाला हुरडा नेऊन दे." नव्या एचडी ग्राहकाला पहिले तीन महिने फुकट अशी योजना होती, त्यामुळे सिद्रामची तक्रार नव्हती. सरांनी देवमाणूस हा शब्द यशोदाबाईंना दोनदा ऐकवला.

दुसऱ्या दिवशी सरांनी स्वतःसाठी फोन केला. तेव्हा तारांगणचा संगणक म्हणाला, की या मोबाइल क्रमांकावरून एचडीची विनंती कालच पूर्ण झालेली आहे, एका क्रमांकाला एकच. सरांनी सांगितलं, ती माझी नव्हती. मुलीनं विचारलं, मग कोणाची होती? सर म्हणाले, सिद्रामची. मुलगी म्हणाली, पण सर, नाव तर एचडी आहे. या युक्तिवादाला गणितात उत्तर नव्हतं. तक्रार वरच्या साहेबांकडे गेली आणि तिथेच राहिली.

"मी सांगतो सर," कुंपणावरून येमूल म्हणाले. "नभरत्न घ्या. फुकटात बसवून देतेत."

ज्या कंपनीनं आडनाव खाल्लं तिच्याच पायरीवर जायचं! सरांनी एक रात्र तळमळून काढली. पण खाटेवरून यशोदाबाई कॅलेंडरकडे बघत होत्या, आणि रविवारी फायनल होती. सरांनी नवनाथला बोलावलं. स्टिकरबद्दल त्याला चार शब्द सुनावायचं ठरवलं होतं, पण तो आल्या आल्या यशोदाबाईंच्या पाया पडला आणि सुनावायचं राहून गेलं. त्यानं गच्चीवर नवी छत्री बसवली. जुनी काढायला त्याला हुकूम नव्हता, म्हणून तिची फक्त वायर काढून गुंडाळून ठेवली.

हे कळताच तारांगणचा सोमलिंग धावत आला. "सर, इतक्या वर्षांचं नातं, असं कसं तोडताव? मी उद्याच एचडी चालू करून देतो."

"तुमचा संगणक म्हणतो, मला आधीच दिलंय."

"त्याला मी सांगतो की!"

मग गच्चीवर सोमलिंग आणि नवनाथची गाठ पडली आणि कुणाच्या छत्रीनं कुणाचं आभाळ अडवलं यावर अशी हमरीतुमरी झाली, की वाळत घातलेल्या शेंगा तुडवल्या गेल्या आणि यशोदाबाईंना खालून काठी आपटून दोघांनाही गप्प करावं लागलं. गल्लीनं मात्र यातून वेगळाच बोध घेतला. गणिताच्या सरांनी नभरत्न घेतलंय म्हणजे आकडेमोड करूनच घेतलं असणार. आठवड्यात अख्ख्या गल्लीच्या छत्र्या बदलल्या. नवनाथ भेटेल त्याला सांगू लागला, की सर आपले ब्रँड अँबॅसडर आहेत.

अखेर रविवार उजाडला. यशोदाबाईंनी सकाळीच केस विंचरून ठेवणीतली इरकली नेसली, जणू मुलगीच त्यांना बघणार होती. संध्याकाळी सरांनी पूजेला बसावं तसं टीव्हीसमोर बसून खेळाचं चॅनेल लावलं. पडदा काळा झाला आणि त्यावर अक्षरं उमटली: 'वाहिनीशी दराबाबत चर्चा सुरू असल्याने हे चॅनेल तात्पुरते उपलब्ध नाही. नभरत्न आपले आभारी आहे.'

"आभारी कशाबद्दल?" सर किंचाळले.

एवढ्यात फाटक वाजलं. गल्ली आली होती. सगळ्यांकडे तीच अक्षरं. "सर, तुमचं एच. डी. गेलं!" येमूल म्हणाले, आणि बाकीचेही असं बघायला लागले, की जणू सरांनी स्वतः स्विच बंद केला होता. कुणी म्हणालं मोबाइलवर बघा. मोबाइल काढला, त्यावर एक गोल फिरायला लागला आणि फिरतच राहिला. सोमलिंगचा 'उद्या' अजून उगवायचा होता, त्यामुळे सरांच्या जुन्या बॉक्सवर पिठातलेच चेहरे दिसले असते. नवनाथ बातमी ऐकून आला होता तो फाटकाशीच थांबला, आत यायचं धाडस त्याला होईना.

यशोदाबाईंनी पदरानं चष्मा पुसला आणि घडी करून ठेवला. "राहू दे हो," त्या म्हणाल्या. "माझ्या नशिबातच नाही तिला बघणं. दिवा लावा देवापुढे." सरांना तो चष्मा घडी होताना बघवेना. भरल्या घरात, इतक्या माणसांत, त्यांना एकदम फार एकटं वाटलं.

आणि तेव्हा गर्दीतून वाट काढत सिद्राम आत आला. एका हातात हुरड्याची पिशवी, काखेत टॉवेलात गुंडाळलेलं बाळ.

"सर, गर्दी लई हाय आज धंद्याला! आईनं हुरडा दिलाय. आन् ह्या बॉक्साचं रिमोट चालंना झालंय, जरा बघताव का?"

सर त्या टॉवेलाकडे बघत राहिले. तारांगणचा बॉक्स. खेळाच्या चॅनेलासकट सगळं एचडी चालू, खुद्द एच. डी. पुराणिकांच्या तोंडच्या हुकुमानं. आणि तारांगणची जुनी छत्री अजून गच्चीवर होती.

"सिद्राम," सर म्हणाले, "हा बॉक्स आज मला देशील?"

"घ्या की! तुमचाच हाय." त्याला कशाचा काही पत्ता नव्हता.

पण छत्री भांडणात हलली होती. ती पुन्हा लावणार कोण? सगळ्यांनी फाटकाकडे पाहिलं. नवनाथनं एकवार अंगातल्या कंपनीच्या टी-शर्टकडे पाहिलं, तो उलटा करून घातला आणि गच्चीकडे पळाला. "कंपनीला सांगू नका," एवढंच म्हणाला. वरून त्यानं सोमलिंगला फोन लावला. "सोम्या, तुमच्या छत्रीची दिशा सांग की रे... शिव्या नंतर घाल, आधी दिशा सांग... आरं, इंद्रायणीची मॅच हाय!" आणि सोमलिंगनं, गच्चीवर ज्याची गचांडी धरली होती त्याच्या कानात, फोनवरून दिशा सांगितली. थोडं डावीकडं. अजून. बास. खाली सर बॉक्सवरचीच बटणं दाबत होते आणि अख्खी गल्ली जिन्यात उभी राहून "आलं", "गेलं", "आलं" असं वर पोचवत होती.

आलं ते असं आलं की सगळे जिन्यातून खोलीत धावले. पहिला डाव संपत आला होता. मैदानाचा पट्टा अन् पट्टा, मॅटची शिवण, मुलींच्या कपाळावरचा घाम, सगळं स्वच्छ. आणि खांबाजवळ, खरोखरची खांबाजवळ, इंद्रायणी. शंकेला जागाच नव्हती. लहानपणी पाळण्यातून पडली तेव्हाची भुवईवरची खूणसुद्धा दिसत होती.

"बाई गं," यशोदाबाई पुटपुटल्या. "किती वाळली आहे."

इंद्रायणीला खो मिळाला. ती उठली, वळली, पुढच्या मुलीचा माग काढत सुसाट निघाली, आणि पलीकडच्या खांबाशी आल्यावर तिनं अंग असं झोकून दिलं की खोलीतले सगळे जागेवरून उठले. नेमक्या त्या क्षणी, इतक्या खटाटोपांनंतर, यशोदाबाईंनी डोळे गच्च मिटून घेतले.

गडी बाद झाला. गल्ली नाचायला लागली. सर ओरडले, "अगं उघड डोळे! परत दाखवतायत!" यशोदाबाईंनी एक डोळा उघडला. सावकाश, हवेतून, त्यांची मुलगी पुन्हा एकदा झेपावली, जमिनीवर आपटली, आणि हसत उठली. हसत! ते हसू आईनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. आजवर त्यांच्या वाट्याला फक्त हळद लावायची कोपरं आली होती.

मग इंद्रायणी पाठमोरी झाली. जर्सीवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत नाव होतं. सिद्रामनं बोट लावून एकेक अक्षर वाचलं आणि तो सरांकडे वळला. "सर, पोरीच्या पाठीवर बी तुमीच की!"

तिथे लिहिलं होतं: इंद्रायणी एच. डी.

सर खाली बसले. चष्मा काढून पुसू लागले, आणि बराच वेळ पुसतच राहिले.

सामना थोडक्यात गेला, संघ हरला. पण नाचण्याच्या नादात ते गल्लीला इतक्या उशिरा कळलं, की तोवर फटाके वाजून झाले होते. सगळ्यांनी शेंगाच्या चटणीबरोबर हुरडा खाल्ला. टी-शर्ट उलटा घातलेला नवनाथ आणि उशिरानं पोचलेला सोमलिंग एकाच ताटलीत खात होते. इंद्रायणीचा फोन आला तेव्हा सरांनी पहिलं ते नावाचंच विचारलं. ती म्हणाली, "बाबा, नुसतं पुराणिक लिहिलं असतं तर सोलापुरात कुणाला कळलं असतं?"

सर त्या रात्री सगळ्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेले. सिद्रामचे हात हातात घेऊन त्यांना पुष्कळ बोलायचं होतं. "तुझे उपकार..." एवढंच निघालं. सिद्राम म्हणाला, "उपकार कसले सर, तेवढं रिमोट ऱ्हायलं बघा."

पुढे सरांनी स्टिकर खरवडायचा नाद सोडला. ज्या कागदानं मंद्रूपचा माणूस दारात आणला, त्याला उलथनं लावायला त्यांचा हात होईना. उलट त्यांनी पेंटर शोधून आणला आणि 'श्री'साठी राहिलेल्या जागेत एक शब्द लिहून घेतला.

परवा एक मोटारसायकलवाला फाटकाशी थांबला. यशोदाबाई काठी टेकत अंगणात फेऱ्या मारत होत्या. पाटी वाचून त्यानं विचारलं, "मावशी, हे इंद्रायणी एच. डी. नवीनच दिसतंय. कुठल्या कंपनीचं?"

"आमच्याच घरचं आहे," यशोदाबाई म्हणाल्या. "सध्या बाहेरगावी चालू आहे. पुढच्या महिन्यात सुट्टीला येईल, तेव्हा या. समोर बसून बघा."